कुत्र्याला कच्चं मांस सुरू करताय? आधी वजनकाटा आणा, मांस नंतर

मला येणाऱ्या फोनांचे दोन प्रकार आहेत. पहिला: "कालपासून कच्चं सुरू केलं, आज जुलाब लागलेत. काय चुकलं?" दिलं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. चिकनवाल्याला 'कुत्र्यासाठी' म्हणून सांगितलं आणि त्याने पिशवीत कोंबलं ते सगळं. कलेजी, पोटा, पंजे, कातडी, वर मटणाच्या दोन नळ्या. एका ताटात, एका दिवसात.

दुसरा फोन उशिरा येतो. पिल्लाला चार महिने बोनलेस खिमा-भात घातला, ते आनंदाने खात होतं, आता चालताना लंगडतंय आणि पुढचे पाय वाकलेत. हाड नको म्हणून काढलं आणि त्याच्या जागी कॅल्शियम म्हणून काहीच घातलं नाही. पहिला कुत्रा चार दिवसांत सावरतो. दुसऱ्याला महिने लागतात, आणि पाय कधीकधी वाकडेच राहतात.

खालचा क्रम पूर्ण वाढलेल्या, धडधाकट कुत्र्यासाठी आहे, आणि एक फ्रीज असलेल्या साध्या घरासाठी. टप्पे उलटसुलट करू नका.

## टप्पा 1: आपल्या घरात हे चालेल का, ते ठरवा

कच्च्या मांसात साल्मोनेला, ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर असतात. कुत्र्याला कधी त्रास होतो, कधी होत नाही. पण त्याच्या तोंडातून आणि शीमधून ते घरात पसरतात. अमेरिकेच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने 2012 पासून कच्चं खाऊ घालू नका अशीच भूमिका घेतली आहे. तुमचे डॉक्टरही नको म्हणाले तर ते जुन्या विचारांचे आहेत असं समजू नका.

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर कच्चं नकोच, शिजवून द्या:

- घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, खूप वयस्कर माणूस, किंवा केमोथेरपी वा प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणारं कुणी.
- कुत्र्याला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेली, किंवा मूत्रपिंड वा यकृताचा आजार.
- कुत्रा स्टेरॉइडवर आहे. गोचीड तापानंतर आपल्याकडे पुष्कळ कुत्र्यांना ती काही काळ चालू असतात. कोर्स संपू दे, प्लेटलेट वर येऊ देत, मग बघू.
- पिल्लू, विशेषतः लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातीचं. त्यांना कॅल्शियम कमी पडलं तरी हाडं बिघडतात आणि जास्त झालं तरी. लहान पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही. तिथे अंदाजाला जागा नाही. पशुवैद्यकाकडून लिहून घेतलेला आहारच द्यायचा.

शिजवून देणं म्हणजे दुय्यम काहीतरी, असं मला अजिबात वाटत नाही. खालचा बहुतेक हिशेब शिजवलेल्या जेवणालाही तसाच लागतो. फक्त हाड गाळायचं आणि अंड्याच्या कवचाची पूड घालायची.

इथे तपासा: सुरू करण्याआधी रक्ततपासणी (सीबीसी, क्रिएटिनिन, यकृत) आणि शीची तपासणी झालेली हवी. जंत आधीच असतील तर पुढचे जुलाब कशाचे, ते कधीच कळणार नाही.

## टप्पा 2: वजन करा, हिशेब कागदावर मांडा

कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. 'असेल वीस-बावीस' असं चालत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा वेगळा घ्या. तो नसेल तर हा लेख इथेच बंद केलात तरी चालेल.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के अन्न लागतं. लठ्ठ आणि दिवसभर फरशीवर पसरणाऱ्याला 2, तास-दीड तास पळणाऱ्याला 3. दोन वेळांत विभागून.

सर्रास वापरलं जाणारं प्रमाण असं: 80 टक्के स्नायूंचं मांस, 10 टक्के हाड, 5 टक्के कलेजी, 5 टक्के दुसरा स्रवणारा अवयव, म्हणजे गुर्दा किंवा तिल्ली. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दिल, पोटा हे 'अवयव' वाटतात, पण हिशेबात ते मांसात धरायचे. आणि 10 टक्के हाड म्हणजे 10 टक्के 'हाडवाले तुकडे' नव्हेत. कोंबडीच्या मानेत साधारण एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त हाड असतं, बाकी मांसच.

20 किलोचा गावठी कुत्रा धरू, 2.5 टक्के. रोज 500 ग्रॅम.

- हाड हवं 50 ग्रॅम. ते साधारण 140 ग्रॅम मानांतून मिळतं, आणि सोबत 90 ग्रॅम मांसही येतं.
- मांस हवं 400. मानांतले 90 वजा केले की उरतं 310 ग्रॅम बिनहाडाचं.
- कलेजी 25 ग्रॅम, गुर्दा किंवा तिल्ली 25 ग्रॅम.

एकूण 500. आठवड्याला माना सुमारे एक किलो, बिनहाडाचं मांस दोन किलोच्या थोडं वर, कलेजी आणि गुर्दा प्रत्येकी 175 ग्रॅम. हे आकडे फ्रीजच्या दारावर चिकटवा. रोजचं ताट अचूक नसलं तरी चालतं, आठवड्याची बेरीज जुळली पाहिजे.

सावध: 'पंजे स्वस्त, मग मानांऐवजी पंजेच' असा सरळ बदल करू नका. पंज्यात निम्म्याहून जास्त हाड असतं. 140 ग्रॅम पंजे दिलेत तर दुसऱ्या दिवशी कुत्रा बागेत कुंथत बसेल.

## टप्पा 3: फ्रीजरची परीक्षा घ्या

मांस आणण्याआधी फ्रीजर. किमान उणे 18 अंश हवेत. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुतेकदा तितका थंड होत नाही. फ्रीजरचा थर्मामीटर आत ठेवून रात्रभराने आकडा बघा.

गोठवण्याने काय होतं, काय होत नाही, हे नीट समजून घ्या. मांसातल्या फीतकृमींच्या पिशव्या, टॉक्सोप्लाझ्मा यांसारखे परजीवी उणे 18 ला दहा दिवस ठेवल्यावर मरतात. जिवाणू मरत नाहीत, ते झोपतात. मांस वितळलं की उठतात. म्हणून 'गोठवलंय ना, मग निर्धोक' हे वाक्य डोक्यातून काढून टाका.

वीज जाणाऱ्या गावात एक जुनी युक्ती करा. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. चार दिवस बाहेरगावी जाऊन आलात आणि नाणं बर्फाच्या तळाशी गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. ते सगळं मांस फेकायचं. उकडूनही द्यायचं नाही.

## टप्पा 4: दुकानात काय मागायचं, काय नाही

रविवारी सकाळी जाऊ नका. त्या गर्दीत तुमचं 'माना अख्ख्या ठेवा' कुणी ऐकणार नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, जेव्हा निम्मं गाव मांस खात नाही, तेव्हा दुकान उघडं असेल तर दुकानदाराला वेळ असतो. गुर्दा आणि तिल्ली मात्र सकाळी लवकर संपतात, आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

सांगताना 'कुत्र्यासाठी' हा शब्द वापरूच नका. तो ऐकला की हात आपोआप टोपलीतल्या उरल्यासुरल्याकडे जातो. मी म्हणतो, "भाई, एक किलो माना, अख्ख्या, तुकडे नकोत. दोन किलो बोनलेस, आत्ता कापलेलं." बस.

तुकडे नकोत हे ठासून का सांगायचं? आपल्याकडे चिकन-मटण सत्तूरने तोडतात. हाड मधून तुटलं की टोकाला धार येते. रश्श्यात आपल्याला ती लागत नाही, कारण आपण हाड बाजूला काढून ठेवतो. कुत्रा गिळतो. एकदा घरी आणलेल्या 'करी कट'मधला मांडीचा तुकडा हातात घेऊन तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवून बघा. पुढचं सांगावं लागणार नाही.

काय घ्यायचं:

- ब्रॉयलर कोंबडी. साधारण सहा आठवड्यांची असते, हाडं मऊ. माना, पाठ, पंख चालतात. गावरान किंवा अंड्यावरून काढलेल्या म्हाताऱ्या कोंबडीचं मांस उत्तम, पण हाड नको. गावरानचं टणक आणि अंड्यावरचीचं ठिसूळ असतं.
- बोकड. मांस, दिल चालेल. वरची चरबी काढून.
- म्हशीचं मांस. राज्यात 2015 पासून गोवंशाच्या मांसावर बंदी आहे, त्यामुळे दुकानात 'बफ' म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या. चरबी कमी आणि मटणापेक्षा खूप स्वस्त.

काय नाही: डुकराचं कच्चं मांस. मटणाची नळी, कारण कुत्र्याचा मागचा मोठा दात त्यावर उभा चिरतो आणि आतला मगज जास्त झाला तर पोट बिघडतं. न धुतलेली वजडी. ती गुणकारी असते असं ऐकलं असेल, पण त्या शेणाचा वास आणि जिवाणू तुमच्या फ्रीजमध्ये राहायला येणार आहेत. आणि शिजवलेलं हाड, कुठल्याही प्राण्याचं, कधीच नाही. शिजलं की ते चिरफळ्या होऊन फुटतं.

सावध: बर्ड फ्लूची बातमी आली की त्या दिवसापासून कोंबडी पूर्ण शिजवून द्यायची. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तपासणीत एच5एन1 निघाला, आणि संशय खाण्यातल्या कोंबडीवर गेला. गोठवण्याने हा विषाणू जात नाही.

## टप्पा 5: पाकिटं करा

घरी आलं की लगेच. चिकन नळाखाली धुऊ नका. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीच्या जुडीवर उडतात. आपल्या घरांमध्ये ही सवय मोडणं अवघड आहे, माझ्या आईने अजून मला माफ केलेलं नाही.

1. वेगळी सुरी, वेगळा पाट. त्यावर पुन्हा काकडी चिरायची नाही.
2. एका वेळेचं एक पाकीट. मांस वेगळं, माना वेगळ्या. 'मिक्स' सुरुवातीला करू नका, नाहीतर काय बाधलं ते सांगता येणार नाही.
3. पाकीट चपटं करा. गोळा मधून गोठायला आणि वितळायला फार वेळ लागतो.
4. वर मार्करने प्रकार, वजन, तारीख.
5. उणे 18 वर निदान दहा दिवस. त्याआधी काढायचं नाही. म्हणजे पहिली खरेदी सुरुवातीच्या तारखेच्या दोन आठवडे आधी करावी लागते. उतावळेपणा इथेच नडतो.

वाट बघताना अंड्याच्या कवचाची पूड करून ठेवा. कवचं धुवा, दहा मिनिटं उकळा, कडक वाळवा, मिक्सरला रांगोळीसारखी बारीक करा आणि कपड्यातून चाळा. खरखरीत राहिली तर पुन्हा फिरवा. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला अर्धा छोटा चमचा. ज्या जेवणात हाड आहे त्यात पूड नाही, ज्यात हाड नाही त्यात पूड हवीच. दोन्ही एकदम नको.

## टप्पा 6: पहिले पंधरा दिवस, एकच मांस

फक्त कोंबडीचं बिनहाडाचं मांस. हाड नाही, कलेजी नाही, मासा नाही.

- दिवस 1 ते 4: नेहमीच्या जेवणाचा पाव भाग काढून त्या जागी उकडलेलं चिकन, थोड्या पाण्यासकट.
- दिवस 5 ते 8: निम्मं नेहमीचं, निम्मं उकडलेलं चिकन. पूड इथपासून सुरू.
- दिवस 9 ते 12: चिकन निम्मंच ठेवा, पण उकडण्याऐवजी गोठवून वितळवलेलं कच्चं. पहिल्या दिवशी दोन-तीन घास, मग वाढवत.
- दिवस 13 ते 15: पूर्ण कच्चं, पूडीसह.

शी पातळ झाली तर एक पायरी मागे जा आणि दोन दिवस तिथेच राहा. दोन चमचे उकडलेला लाल भोपळा घातला तर बांधून येते. 'कोरडं खाणं आणि कच्चं मांस एकत्र दिलं तर पोटात सडतं' असं सांगणारे भेटतील. माझ्या कुत्र्यांना एकत्र दिल्याने काही झालेलं नाही. त्यांना बाधली ती घाई.

वितळवणं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, आदल्या रात्री. ओट्यावर नाही, उन्हात तर नाहीच. फार गार वाटत असेल तर बंद डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह नको, एका बाजूने शिजतं, एका बाजूने बर्फ राहतो. ताट ठेवल्यावर वीस मिनिटांत जे उरेल ते उचलायचं. मे महिन्यात दहा मिनिटांत.

इथे तपासा: सलग पाच दिवस शी बांधलेली, दिवसातून एक-दोन वेळा, उलटी नाही, कुत्रा नेहमीसारखा खेळतोय. हे सगळं 'हो' असेल तरच पुढे.

## टप्पा 7: हाड, तिसऱ्या आठवड्यात

इथे माझी चूक सांगतो. आमचा बंड्या अठरा किलोचा, रस्त्यावरून आणलेला, कायम कुणीतरी ताट पळवणार आहे अशा घाईत खाणारा. पहिली मान देताना मला वाटलं, लहान तुकडा म्हणजे सोपा तुकडा. मानेचे तीन भाग केले. त्याने तिन्ही न चावता गिळले. वीस मिनिटांनी पाठ कमानीसारखी करून एक अख्खा तुकडा बाल्कनीच्या दारात ओकला, जसा गेला तसाच. दातांची खूणही नव्हती.

लहान तुकडा गिळला जातो. मोठा, तोंडापेक्षा लांब असेल तर कुत्र्याला तो पुढच्या पायांनी धरून चावावाच लागतो. म्हणून:

1. आधी मांस खाऊ घाला. उपाशी कुत्र्याला पहिल्यांदा हाड देऊ नये.
2. अख्खी मान एका टोकाला स्वच्छ पक्कडीने किंवा जाड कापडाने धरा, दुसरं टोक कुत्र्याकडे. तो दाढेने कुरकुर चावतोय हे कानाने ऐकू आलं पाहिजे.
3. पहिले चार दिवस रोज एकच मान. मग टप्पा 2 मधल्या हिशेबापर्यंत जा.
4. खात असताना तिथेच बसा, पण तोंडातून ओढून घेऊ नका. हिसकावलं की पुढच्या वेळी तो आणखी घाईने गिळतो, आणि गुरगुरायलाही लागतो. काढून घ्यायचंच असेल तर समोर मांसाचा तुकडा धरा, तो स्वतः सोडेल.

दहा दिवसांनीही गिळतच असेल तर त्याला अख्खं हाड नाहीच. दुकानातून माना मशीनवर बारीक करून घ्या किंवा कवचाच्या पूडीवरच राहा. बंड्या आज सात वर्षांचा आहे, पूडीवरच आहे, दात शाबूत.

सावध: मेलबर्न विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात कच्ची कोंबडी खाणारे कुत्रे, कॅम्पिलोबॅक्टर आणि पायांपासून सुरू होणारा एक पक्षाघात यांचा संबंध आढळला. मागच्या पायांत अचानक अशक्तपणा, जिना चढताना अडखळणं, भुंकण्याचा आवाज बदलणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

## टप्पा 8: कलेजी आणि गुर्दा, चौथ्या-पाचव्या आठवड्यात

कलेजी शेवटी का? कारण जुलाबांचं पहिलं कारण तीच असते. चौथ्या आठवड्यात कोंबडीची कलेजी, नखाएवढी, एक दिवसाआड. आठवड्याभरात 25 ग्रॅमपर्यंत. मग पाचव्या आठवड्यात गुर्दा किंवा तिल्ली, तशीच हळूहळू. कुत्र्याला आवडते म्हणून कलेजी वाढवू नका. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की महिनोन् महिने जास्त दिलं तर हाडं आणि सांधे धरतात. सोबत कॉड लिव्हर ऑइल चालू असेल तर ते बंद करा.

शेळी-मेंढीची कलेजी, गुर्दा, तिल्ली, फुप्फुस मी कच्चं देत नाही, आणि तुम्हीही देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांत इकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीच्या पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी असू शकतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात जंत वाढतात, अंडी शीमधून बाहेर येतात आणि माणसाच्या पोटात गेली तर वर्षानुवर्षं यकृतात-फुप्फुसात हायडॅटिड गाठी वाढतात. कुत्र्याला काहीच होत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पातळ काप करून अर्धा तास उकळा, किंवा कुकरला तीन शिट्ट्या. वजन शिजवण्याआधी करायचं आणि ते पाणी जेवणातच घालायचं. गाठी दिसल्या तर तो अवयव उकळूनही नको. उघड्या कचऱ्यात टाकू नका, गल्लीतले कुत्रे खातील. बांधून बंद डब्यात टाका.

डॉक्टरांना सांगा की कुत्रा मांस खातो. जंताच्या गोळीत फीतकृमी मारणारं प्राझिक्वांटेल आहे ना आणि ती किती दिवसांनी द्यायची, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या.

## टप्पा 9: मासा, अंडं, आणि उरलेल्या फटी

टप्पा 2 मधलं 80-10-10 (मांस-हाड-अवयव) म्हणजे पूर्ण आहार नव्हे. मांस-हाड-कलेजीत ओमेगा-3, ड आणि ई जीवनसत्त्व, जस्त, मँगनीज, आयोडीन कमी पडतं.

आठवड्यातून दोनदा मांसाच्या जागी 150 ग्रॅम बांगडा किंवा तारली, वाफवून, काटे काढून. वाफवायचं अशासाठी की काही कच्च्या माशांत बी1 जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, आणि ते गोठवण्याने जात नाही, उष्णतेने जातं. बांगडा ताजाच घ्या. उन्हात राहिलेल्या बांगड्यात तयार झालेलं विष शिजवूनही टिकतं.

आठवड्याला दोन-तीन अंडी उकडून. किनाऱ्यावर राहत असाल तर तुमचं काम सोपं आहे: कालवांत जस्त भरपूर, शिनाण्यांत मँगनीज. आठवड्यातून मूठभर, उकडून, कवचाशिवाय, मीठ-मसाला न घालता. घाटावरच्यांनी आणि ई जीवनसत्त्वासाठी सगळ्यांनीच, डॉक्टरांना विचारून खनिज-जीवनसत्त्वांची तयार पूड घ्यावी. डोस तेच सांगतील.

भाकरीचा तुकडा, थोडा भात दिला तर कुत्र्याला विष होत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट मात्र होतं. काल रात्रीचा मटणाचा रस्सा 'फक्त पाणी' म्हणून ओतणाऱ्यांनी त्यातला कांदा-लसूण आठवावा.

दुसरं मांस, बोकड किंवा बफ, सातव्या आठवड्यानंतर. एका वेळी एकच, एक आठवडा थांबून.

## टप्पा 10: रोजची सफाई

स्टीलचं ताट, धुता येईल अशा एकाच जागी. बंड्याचं ताट बाल्कनीत असतं, खाली जुना रबरी मॅट, जो मी रोज उचलून घासतो. त्याआधी तो मान घेऊन सोफ्यावर जायचा. तिसऱ्या दिवशी उशीखाली काय सापडलं ते लिहीत नाही.

ताट लगेच गरम पाण्याने आणि साबणाने, घरच्या घासणीने नाही. हात वीस सेकंद. खाल्ल्यावर तासभर कुणाच्या तोंडाला चाटू द्यायचं नाही, आणि पाहुण्यांची मुलं आलेली असतील तर दिवसभर नाही. शी रोज उचलायची, सोसायटीच्या बागेत तर नक्कीच.

## टप्पा 11: शी वाचायला शिका, आणि कधी थांबायचं तेही

फ्रीजच्या दारावरच्या कागदाखाली एक ओळ रोज लिहा: काय दिलं, शी कशी.

- पांढरी, कोरडी, खडूसारखी भुगा होणारी: हाड जास्त. दोन दिवस हाड बंद, भोपळा चालू.
- गडद, सैल: कलेजी जास्त किंवा लवकर. निम्मी करा.
- तेलकट, चकचकीत, पिवळट: चरबी जास्त. कातडी, चरबी काढा.
- डांबरासारखी काळी, चिकट: ही कलेजी समजून सोडू नका. आतून रक्त जात असू शकतं. डॉक्टर.

थांबून थेट दवाखाना: दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, रक्त, दोन दिवस कुंथूनही शी नाही, पोट दुखून पुढचे पाय खाली टाकून मागचा भाग वर ठेवणं. आणि पोट फुगून ओकारीचे उमाळे येताहेत पण काहीच बाहेर पडत नाही, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. जठर फिरलेलं असू शकतं, तिथे तास मोजले जातात.

सगळं सुरळीत असेल तर दर पंधरा दिवसांनी वजन. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत. तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी. नमुना उपाशीपोटी द्या आणि फॉर्मवर 'मांसाहार' असं स्पष्ट लिहायला सांगा. मांस खाणाऱ्या कुत्र्यांचा युरिया थोडा वर दिसू शकतो. बंड्याच्या पहिल्या रिपोर्टला ते कुणी लिहिलं नव्हतं, आणि मूत्रपिंडाच्या आणखी दोन तपासण्यांचे पैसे मी भरून बसलो.